स्पीकिंगची तयारी: वरूड तालुक्यातल्या एका अभ्यासिकेच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

इंग्रजी बोलण्याच्या सरावाला चौघं ठरले. अ आणि ब जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या. दोघींना इंग्लंडात नर्स म्हणून नोंदणी करायची आहे, आणि तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल आयईएलटीएस ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याच्या भागाला, ९ पैकी ७ बँड (गुण) मागते. लेखनात ६.५ चालतो, बोलण्यात नाही. क बीएस्सी ॲग्री, त्याला ६.५ लागतो. ड बीकॉम, त्याचं अजून काही ठरलेलं नाही, पण सोबत बसणार. चौघंही मराठी माध्यमाचे. इंग्रजी वाचून कळतं, लिहिताही बरं येतं, तोंड उघडायची सवय नाही.

वेळ सकाळी ६ ते ७.३०. नंतर अभ्यासिकेत कुलर लागतो आणि त्याच्या घरघरीत फोनवरचं रेकॉर्डिंग कामाचं राहत नाही.

परीक्षेचा साचा फळ्यावर लिहून ठेवला. समोर एक परीक्षक, सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, एकूण ११ ते १४ मिनिटं. पहिल्या भागात ४-५ मिनिटं घर, गाव, काम, शिक्षण असे ओळखीचे प्रश्न. दुसऱ्यात हाती एक कार्ड, १ मिनिट विचाराला, मग १ ते २ मिनिटं एकट्याने बोलायचं. तिसऱ्यात ४-५ मिनिटं त्याच विषयाच्या अंगाने चर्चा. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखं वजन. मत बरोबर की चूक याला गुण नाहीत, हे आज तीनदा सांगावं लागलं. शाळेपासून डोक्यात एकच, "उत्तर बरोबर आहे का सर?"

सगळ्यांना एकच कार्ड दिलं: तुम्हाला एखादी गोष्ट शिकवणारी व्यक्ती. अ ५२ सेकंद, क ४५, ब ३८, ड ३०. चौघांचाही शेवट सारखा: 'दॅट्स ऑल, सर.'

१८ जून

परवाचं रेकॉर्डिंग वहीत उतरवून काढलं. प्रत्येकाने स्वतःचे ३० सेकंद जसेच्या तसे लिहायचे, 'अं' आणि अडखळणं धरून. तीस सेकंदांना वीस मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत, कारण आपण काय बोललो याबद्दलची आपली समजूत आणि रेकॉर्डिंग यांत फार फरक असतो. ब ला ती फक्त दोनदा अडखळली असं वाटत होतं. वहीत नऊ 'अं' निघाले.

थांबणं हा दोष नाही, थांबायची जागा चुकते. क च्या वहीत असं होतं: 'माय... अंकल इज हॅविंग... अं... अ... नर्सरी ॲट द...' वाक्याच्या सांध्यावर थांबलं तर माणूस विचार करतोय असं वाटतं. 'ॲट द' नंतर थांबलं की शब्द सापडत नाही हे उघडं पडतं.

उपाय म्हणून तीच गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगायला लावली आणि दम घेतला तिथे रेघ मारली. मग इंग्रजीत त्याच रेघेपर्यंत न थांबता जायचं, शब्द साधा वापरावा लागला तरी. रेघेवर खुशाल दोन सेकंद थांबा.

२० जून

पहिला भाग. 'मायसेल्फ अमुक' बंद. नाव विचारलं की नाव सांगायचं, ओळखपत्र दाखवायचं, वडिलांचा व्यवसाय कोणी विचारलेला नाही. त्या नाव-ओळखपत्राला गुणही नाहीत, तेवढ्यात फक्त आवाज मोकळा करून घ्यायचा.

चौघांचाही एक समान गळता शब्द सापडला. 'डू यू लाइक युवर व्हिलेज?' यावर 'येस, आय लाइक व्हेरी मच.' मराठीत "हो, आवडतं" म्हटलं की काय आवडतं ते पुन्हा सांगावं लागत नाही, म्हणून 'इट' गळतो. 'लाइक', 'एंजॉय', 'यूज', 'बाय' या क्रियापदांमागे काहीतरी हवंच. अर्धा तास फक्त 'आय लाइक इट, आय यूज इट, आय बॉट इट' घेतलं. कंटाळवाणं आहे, पण बसतं.

उत्तराची लांबी दोन ते चार वाक्यं, साधारण १५-२० सेकंद. थेट उत्तर, मग कारण किंवा एक ठोस तपशील, आणि गप्प. लांबलं तर परीक्षक मध्येच पुढचा प्रश्न विचारतो. तो चिडलेला नसतो, त्याला वेळ पाळायची असते. अ ला तोडल्यावर ती कोमेजते, म्हणून तिला मुद्दाम तोडत राहायचं ठरलं.

प्रश्न कळला नाही तर 'सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?' एकदा-दोनदा विचारल्याने नुकसान नाही. अंदाज करून भलतंच बोलणं महाग पडतं.

२३ जून

कार्ड आणि ते एक मिनिट. आजचा सगळा वेळ यातच गेला.

पहिल्या फेरीत क ने पेन्सिल उचलली आणि पूर्ण वाक्य लिहायला घेतलं: 'माय मॅटरनल अंकल इज अ व्हेरी काइंड-हार्टेड पर्सन हू'. मिनिट संपलं तेव्हा कागदावर एवढंच होतं. बाकीच्यांचंही थोडंफार तसंच. मग कागद आडवा धरून चार खाने पाडले. कार्डावर चार सूचना असतात, एकेका सूचनेला एकेक खाना, आणि खान्यात तीनपेक्षा जास्त शब्द नाहीत. टिपण मराठीत चालतं. तो कागद तिथेच राहतो आणि त्याला गुण नसतात. फक्त जो इंग्रजी शब्द ऐन वेळी दगा देईल तो तेवढा इंग्रजीत, कडेला.

क चा कागद दुसऱ्या फेरीला असा होता. पहिला खाना: मामा, शेंदूरजनाघाट, नर्सरी. दुसरा: डोळा, जंबेरी, चाकू. तिसरा: हिवाळा, वीस रोपं, निम्मी मेली. चौथा: हात हलका, आता शेजारी बोलावतात. कडेला 'बड', 'बार्क', 'रूटस्टॉक'.

पहिल्या फेरीत तो म्हणाला होता, 'ही पुट्स द आय इन जंबेरी.' आपल्याकडे कलम करताना संत्र्याचा डोळा बांधतात म्हणून 'आय'. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच उभं राहील. दुसऱ्या फेरीला हे बसवलं: 'ही मेड अ स्मॉल कट, शेप्ड लाइक अ टी, इन द यंग प्लँट. देन ही स्लिप्ड द ऑरेंज बड अंडर द बार्क अँड टाइड इट टाइटली विथ अ प्लास्टिक स्ट्रिप.' आणि जंबेरीसाठी: 'इट्स अ काइंड ऑफ रफ लेमन. वी कॉल इट जंबेरी.' गावाकडचा शब्द लपवू नये. तो सांगून लगेच समजावून दिला तर शब्द अडल्यावर वळसा घेऊन सांगता येतं हे दिसतं, आणि शब्दसंपत्तीत ते मोजलं जातं.

वेळ १ मिनिट ३८ सेकंद. आठवड्यापूर्वी ४५ होते. इंग्रजी आठ दिवसांत सुधारलेलं नाही, मजकूर बदलला. 'ही इज काइंड, ही इज हेल्पफुल, ही इज हार्डवर्किंग' हे वीस सेकंदांत आटतं. माणसाने काय केलं, आधी काय, मग काय, बिघडलं कुठे हे सांगायला घेतलं की वाक्याला वाक्य लागत जातं. अ आणि ब ला हाच धडा सलाईन लावण्यावरून दिला. शीर कशी शोधायची, पहिल्यांदा हात कसा थरथरला, सिस्टर काय म्हणाल्या.

'दॅट्स ऑल' वर आजपासून बंदी. दोन मिनिटं झाली की परीक्षक स्वतः थांबवतो. त्याआधी संपत आलं तर चौथ्या खान्यात परत जायचं: 'लुकिंग बॅक...' म्हणून एक वाक्य, नंतर आज त्याचा उपयोग काय ते.

२६ जून

रात्री चांगला पाऊस झाला. पेरणीमुळे क आणि ड नाहीत. दोघांना फोनवर एकच काम: पेरणीत तिफणीच्या मागे चालताना कार्डावर दोन मिनिटं मोठ्याने बोलायचं. खिशातल्या फोनवर रेकॉर्ड केलं तर वाराच ऐकू येतो, त्यामुळे ते सोडून दिलं.

३० जून

व्याकरण. एकेकाच्या वहीतून चुका गोळा केल्या, त्यातल्या दोन चुकांच्या मुळाशी आपलीच भाषा आहे.

एक, 'राहिलो'. करून राहिलो, जाऊन राहिलो हे तर ठीक, पण आपल्याकडे "मले समजून नाही राहिलं", "मले दिसून राहिलं" असंही म्हणतात. त्याचं सरळ 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय ॲम सीइंग' होतं. त्यालाच जोडून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. हॅव, नो, अंडरस्टँड, नीड, बिलाँग, लाइक या सहा क्रियापदांना सध्या 'इंग' लावायचाच नाही असं ठरवलं. जेवताना 'हॅविंग लंच' चालतं हे ड ने लगेच काढलं. बरोबर आहे, पण आज नको.

दोन, 'पासून'. "२०२३ पासून" आणि "दोन वर्षांपासून" यांना मराठीत एकच प्रत्यय. इंग्रजीत साल किंवा क्षण असेल तर 'सिन्स', मोजदाद असेल तर 'फॉर'. आणि क्रियापद 'आय ॲम वर्किंग' नाही, 'आय हॅव बीन वर्किंग'. ब चं 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' एकदम घट्ट बसलेलं आहे. परीक्षक नोकरीबद्दल विचारेल तेव्हा पहिल्याच मिनिटात ते बाहेर येणार, त्यामुळे तिच्यासाठी आधी हेच.

भिंतीवर प्रत्येकाच्या नावाने दोनच चुका. तिसरी लिहायची नाही, पहिल्या दोन गेल्याशिवाय. सगळ्या चुका एकदम धरल्या की माणूस बोलायचाच थांबतो, आणि मग ओघाचे गुणही जातात.

४ जुलै

आघात. आपलं इंग्रजी ऐकणाऱ्याला समजण्यात इथे बरीच अडचण येते, आणि क्लासवाले याला फार कमी वेळ देतात.

आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजी शब्दात एका ठिकाणी टेकडी असते आणि बाकीची अक्षरं दबतात. टेकडीवर टेबलावर बोट आपटायचं: 'हॉस्पिटल' पहिल्यावर, 'ॲग्रिकल्चर' पहिल्यावर, 'इंजेक्शन' दुसऱ्यावर, 'सर्टिफिकेट' दुसऱ्यावर, 'डिव्हेलप' दुसऱ्यावर. 'फोटोग्राफ' मध्ये पहिल्यावर, पण 'फटॉग्रफर' मध्ये दुसऱ्यावर सरकतो. 'व्हेजिटेबल' तीन अक्षरांत संपतो, शेवटी 'टेबल' नाही.

नंतर वाक्य. 'आय वर्क्ट इन अ हॉस्पिटल इन अमरावती फॉर टू इयर्स.' बोट पाचदाच पडायला हवं: वर्क्ट, हॉस्पिटल, अमरावती, टू, इयर्स. 'इन अ', 'फॉर' मध्ये गिळायचे. क ने अकरा वेळा आपटलं. हळूहळू सहावर आला.

ड ने व्हिडिओ बघून 'वॉटर' चं 'वॉडर' सुरू केलंय. थांबवलं. भारतीय ढब चालते, ऐकणाऱ्याला न ताणता समजलं पाहिजे. अर्धी अमेरिकन, अर्धी वऱ्हाडी हे मिश्रण दोन्हीपेक्षा कळायला अवघड.

८ जुलै

सुटे आवाज. फोनचं व्हॉइस टायपिंग तपासनीस म्हणून वापरलं, भाषा आधी इंग्लिश इंडिया, नंतर इंग्लिश यूके. वाक्य बोललं तर फोन संदर्भावरून सावरून घेतो आणि सगळं बरोबरच लिहितो, म्हणून सुटे शब्दच बोलायचे. 'वेस्ट' दिशेचा आणि 'व्हेस्ट' बनियनचा: पंधरापैकी पंधरा वेळा ड चं बनियनच उमटलं.

आपला व एकच आहे, त्यात वरचे दात खालच्या ओठाजवळ जातात. दिशेच्या 'वेस्ट' ला दात लागताच कामा नयेत. 'उ' म्हणायला ओठ गोल करा आणि तिथूनच 'एस्ट' वर जा: उएस्ट. आरसा लागतो, अभ्यासिकेतला बेसिनवरचा पुरला.

'झेड' साठी 'जग' मधला ज घ्यायचा ('जीव' मधला नाही) आणि जीभ वर टेकवायचीच नाही. सतत गुणगुणता आलं पाहिजे, माशीसारखं. टेकली की 'झिरो' चा 'जिरो' झाला.

भूतकाळाच्या शेपटीला जादा अक्षर जोडू नये: आस्क्ट, हेल्प्ट, वॉश्ट. फक्त ट आणि ड नंतर अक्षर वाढतं: स्टार्टेड, नीडेड. हा नियम पाच मिनिटांत कळतो, जिभेवर यायला तीन आठवडे.

११ जुलै

अ ने एक पाठ केलेलं उत्तर आणलं, मोबाईलवर फिरणाऱ्या यादीतलं. 'माय होमटाउन इज अ मेल्टिंग पॉट ऑफ कल्चर्स' वगैरे. गाव तीन हजार वस्तीचं. पाठांतर ऐकताच कळतं: वेग अचानक वाढतो, आवाजाचे चढउतार जातात, आणि पुढचा साधा प्रश्न आला की तोच माणूस अडखळतो. परीक्षकाला एवढा फरक पुरतो, तो विषय वळवतो. संभाव्य प्रश्नांच्या याद्या विषय माहीत व्हायला ठीक, त्यातली उत्तरं नाहीत.

त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या सहा गोष्टी तयार ठेवायच्या: एक माणूस, एक जागा, एक वस्तू, एक प्रसंग, एक सण, एक अडचण. कार्ड कुठलंही येवो, बहुतेक वेळा यांतलीच एखादी वळवता येते. ब चा तान्हा पोळा सण म्हणूनही चालतो, लहानपणची आठवण म्हणूनही, हाताने केलेली वस्तू म्हणूनही (लाकडी बैल तिच्या आजोबांनी घडवला). वाक्यं पाठ करायची नाहीत, तपशील पक्का हवा.

१५ जुलै

तिसरा भाग. प्रश्न: तरुण गाव का सोडतात? चौघांनीही घरचं सांगितलं. भाऊ पुण्याला गेला, चुलतभाऊ नागपूरला. दुसऱ्या भागात हे चाललं असतं, इथे नाही. इथे एका माणसावरून सगळ्यांवर यायचं: 'मेनी यंग पीपल', 'फॅमिलीज विथ लिटल लँड', 'इट टेंड्स टू'. घरचं उदाहरण शेवटी, एका वाक्यात.

क चं सुधारलेलं: 'आय थिंक द मेन रीझन इज अनसर्टन इन्कम. इफ द रेन फेल्स, ऑर इफ ऑरेंज प्राइसेस ड्रॉप, अ होल इयर्स वर्क इज लॉस्ट, व्हेअरॲज अ फॅक्टरी जॉब पेज एव्हरी मंथ.' 'इफ' आणि 'व्हेअरॲज' मुळे वाक्य जोडलं गेलं, आणि तेही सजावटीसाठी आलेले नाहीत. पूर्वी-आताच्या प्रश्नाला 'यूज्ड टू', पुढच्या काळाच्या प्रश्नाला 'विल प्रॉबब्ली'. प्रश्न कुठला काळ विचारतोय ते ऐकलं की क्रियापद आपोआप ठरतं.

विचाराला वेळ हवा असेल तर 'दॅट्स नॉट समथिंग आय हॅव थॉट अबाउट मच' एकदा. दर प्रश्नाला 'दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन' म्हटलं की विनोद होतो.

२० जुलै

पूर्ण सराव परीक्षा. परीक्षक म्हणून शेजारच्या गावचे निवृत्त शिक्षक, चौघांपैकी कोणालाही न ओळखणारे. ओळखीचा माणूस नकळत मान डोलावतो, शब्द अडला की पुरवतो. त्यांना दोनच सूचना दिल्या: चेहरा कोरा ठेवा, दोन मिनिटांना थांबवा. त्यांनी दुसरी तंतोतंत पाळली, पहिली क च्या संत्र्याचा डोळा बांधण्याच्या गोष्टीपर्यंतच. तिथे त्यांनी स्वतःच्या बागेचं विचारायला सुरुवात केली.

ब ने परीक्षकाच्या कोऱ्या चेहऱ्याला घाबरून आवाज खाली नेला. रेकॉर्डिंगमध्ये शेवटची अक्षरं गायब. खुर्ची टेबलाजवळ ओढून बसायचं, आणि वाक्याचा शेवटचा शब्द मुद्दाम पूर्ण करायचा.

२५ जुलै

काही केंद्रांवर स्पीकिंग व्हिडिओ कॉलवर होतं: उमेदवार केंद्रातच, परीक्षक पडद्यावर. दोन खोल्यांत दोन फोन ठेवून सराव. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदम बोलायला लागतात. परीक्षकाचा प्रश्न संपल्यावर मनात एक आकडा मोजून बोलायचं. मध्ये वीज गेली, वायफाय गेलं, उरलेलं मोबाईलच्या नेटवर.

३० जुलै

पहिल्या दिवशीचं कार्ड परत. अ, क पूर्ण दोन मिनिटं, थांबवावं लागलं. ब १ मिनिट ४०. ड १ मिनिट १५, पण तीच गोष्ट दोनदा. त्याची अडचण इंग्रजीची नाही, तपशिलाची आहे. तो जे सांगतो ते त्याने कधी नीट पाहिलेलं नसतं. त्याला पुढच्या आठवड्यात रोज एक काम बघून, मराठीत दहा वाक्यं लिहून आणायला सांगितलं: पंक्चर काढणं, पिठाची गिरणी, काहीही.

भिंतीवरच्या यादीतून क चं 'हॅविंग' खोडलं. अ चं 'इट' खोडलं. ब चं 'सिन्स' तसंच.

२ ऑगस्ट

क आणि ब ची तारीख आली, नागपूर. भारतात ही परीक्षा आयडीपी ही संस्था घेते. स्पीकिंग बाकीच्या तीन पेपरांच्या दिवशीच असेल असं नाही, पुढेमागे वेगळा दिवस मिळू शकतो. ब ची वेळ आदल्या दिवशी दुपारी. ती आधी बघून मगच मुक्कामाचं ठरवायचं.

मूळ पासपोर्ट, तोही नोंदणी करताना नंबर दिला तोच. झेरॉक्स चालत नाही. फोन, घड्याळ बाहेर. कागद-पेन्सिल तिथे मिळते. वरूडहून काटोलमार्गे एसटीला तीन तास धरावे, पावसात जास्त.

आदल्या रात्री नवं काही नाही. सकाळी अर्धा तास इंग्रजीत बोलायचं, नाहीतर खोलीत शिरल्यावरची पहिली दोन मिनिटं जीभ मराठीतच असते आणि पहिला भाग तेवढ्यात निम्मा संपतो. क बसमध्ये ब च्या शेजारी बसेल आणि तिला नोकरीबद्दल विचारत राहील. काटोल येईपर्यंत फक्त 'फॉर टू इयर्स'.